सर्व्हर सांभाळणारे शिकले कुठे?

"सर्व्हर ॲडमिन व्हायचंय, कुठला क्लास लावू?" हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात असतो. मी आज क्लासची यादी देणार नाहीये. त्याऐवजी एक जुना प्रश्न घेऊ या. ज्यांनी हे काम सगळ्यात आधी केलं, त्यांना कोणी शिकवलं? तेव्हा क्लास नव्हते, यूट्यूब नव्हतं, गूगलही नव्हतं. तरी माणसं शिकली. कशी शिकली ते कळलं, तर फीचे पैसे भरायचे की नाही हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

आधी सर्व्हर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. हा भाग ज्या कॉम्प्युटरवरून तुमच्या फोनपर्यंत येतोय, तो सर्व्हर. तो रात्रंदिवस चालू ठेवायचा, त्यावर कोणाला शिरू द्यायचं ते ठरवायचं, बॅकअप घ्यायचा आणि रात्री तीनला बंद पडला तर उठून बसायचं, हे ॲडमिनचं काम.

गोष्ट सुरू होते १९६९ साली, अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या बेल लॅब्समध्ये. तिथे केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला घेतली. आजचं लिनक्स त्याच वळणावर घडलंय, आणि लिनक्सचाच गाभा तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात आहे. नोव्हेंबर १९७१ मध्ये युनिक्सचं पहिलं मॅन्युअल आलं. ते लिहाच, असा आग्रह डग मॅकिलरॉय यांनी धरला होता. एकेका कमांडची माहिती वेगळ्या पानावर. त्यात 'बग्ज' असा एक मथळा होता. म्हणजे ही कमांड कुठे गंडते, हे बनवणाराच लिहून ठेवायचा! शिवाय 'ओनर' असाही एक मथळा होता. अडलं तर कोणाला विचारायचं, ते तिथे कळायचं. आज टर्मिनलवर 'मॅन' लिहून पुढे कमांडचं नाव दिलं की जे पान उघडतं, ते याच पानांचं वंशज आहे.

आता एक गंमत बघा. बेल लॅब्स ज्या एटी अँड टी कंपनीची होती, तिच्यावर १९५६ च्या एका कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बंधन होतं. टेलिफोन सोडून दुसऱ्या धंद्यात तिला उतरता येत नव्हतं. त्यामुळे युनिक्स विद्यापीठांना नाममात्र पैशांत मिळायचं, पण बिघडलं तर तुमचं तुम्ही बघा. कंपनी फोन उचलणार नाही म्हटल्यावर वापरणाऱ्यांनी एकमेकांना धरलं. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून ते एकत्र जमायला लागले आणि त्यातूनच पुढे 'यूझनिक्स' ही संघटना उभी राहिली. एकाने शोधलेला उपाय दुसऱ्याला फुकट द्यायचा, ही या धंद्याची सवय तेव्हाची.

झेरॉक्सच्या नोट्सवर परीक्षा पास झालेल्यांना पुढची गोष्ट आवडेल. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १९७६-७७ च्या सुमारास युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा सुमारे ९,००० ओळींचा कोड छापला आणि त्यावर समजावून सांगणारं भाष्य लिहिलं, आपल्या विद्यार्थ्यांसाठी. १९७९ मध्ये सातव्या आवृत्तीबरोबर लायसन्स बदललं आणि कोड वर्गात शिकवायला बंदी आली. मग काय, झेरॉक्सची झेरॉक्स निघायला लागली! अक्षरं पुसट होत गेली, पण एक अख्खी पिढी त्या गठ्ठ्यांवर शिकली. हे पुस्तक रीतसर बाजारात आलं ते थेट १९९६ मध्ये.

पण कोड कळणं वेगळं आणि पन्नास लोकांचं मशीन सांभाळणं वेगळं. ते शिकवलं एव्ही नेमेथ यांनी. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात त्या शिकवायच्या आणि विभागाची मशीन्स सांभाळायला पदवीच्या विद्यार्थ्यांना पुढे करायच्या. मशीन खरं, वापरणारे खरे, बंद पडलं तर ओरडणारेही खरे. १९८९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर युनिक्स ॲडमिनिस्ट्रेशनचं हँडबुक काढलं. त्याच्या नव्या आवृत्त्या अजून वाचल्या जातात. २०१३ मध्ये न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाला निघालेल्या एका शिडाच्या बोटीबरोबर नेमेथ समुद्रात बेपत्ता झाल्या. त्यांच्या हाताखाली तयार झालेले ॲडमिन मात्र पुढे ठिकठिकाणी पसरले.

१९८७ मध्ये यूझनिक्सने ॲडमिन लोकांसाठी 'लिसा' नावाची परिषद सुरू केली. नावातला 'एल' म्हणजे 'लार्ज'. आणि लार्ज म्हणजे किती? शंभरावर युजर, शंभरावर मशीन, किंवा एक जीबीपेक्षा जास्त डिस्क! तुमच्या फोनमध्ये नुसत्या गुड मॉर्निंगच्या फोटोंनी तेवढी जागा खाल्ली असेल.

आपल्याकडे काय चाललं होतं? १९८६ मध्ये भारतात 'अर्नेट' हे शैक्षणिक नेटवर्क सुरू झालं. सुरुवातीच्या ईमेलची ये-जा मुंबईतच झाली, जुहूच्या एनसीएसटी आणि पवईच्या आयआयटीमध्ये, टेलिफोनच्या लाइनवरून. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून. त्याच्या चार वर्षं आधी, १९९१ मध्ये, हेलसिंकीतल्या लिनस टोरव्हाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्स जाहीर केलं होतं. पण डायल-अपवर अख्खं लिनक्स उतरवणार कोण? मग 'पीसी क्वेस्ट' मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायला लागली. घरातल्या एकुलत्या एक पीसीवर ती टाकायची, विंडोज उडवायचं, घरच्यांची बोलणी खायची आणि ते परत बसवता बसवता पार्टिशन म्हणजे काय ते शिकायचं, हा बऱ्याच जणांचा पहिला धडा होता.

आता विचाराल, क्लाउड आल्यावर याचा काय उपयोग? अडचण खरी आहे. २००६ मध्ये ॲमेझॉनने भाड्याने सर्व्हर द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून मशीन डोळ्यांना दिसेनासंच झालं. डिस्क बदल, केबल लाव, अशी जी कामं करत नवखा माणूस आत शिरायचा, ती कमी झाली. म्हणून हाताला सवय लावण्याची सोय आता आपली आपणच करावी लागते.

आणि सवय कशाची? ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेसच पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, पण ऐन वेळी त्यांतली एकही धड चालेना. सहा तासांपूर्वी कोणीतरी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिने वाचवलं. तरी सुमारे सहा तासांचा डेटा गेलाच. कंपनीने काय घडलं ते सगळं उघडपणे लिहिलं. मला यात १९७१ चा तो 'बग्ज' मथळा दिसतो. चूक लपवली असती तर बाकीचे काय शिकले असते?

तर माझं म्हणणं असं. क्लास जरूर लावा, पण फी भरण्याआधी एकच विचारा: मशीन माझ्या ताब्यात देणार का? ते मी बिघडवलं तर मलाच दुरुस्त करू देणार का? उत्तर नाही असेल, तर ते पैसे जुन्या लॅपटॉपवर घाला. लॅपटॉपही जमत नसेल तर अँड्रॉइडवर टर्मक्स ॲप टाका, सुरुवातीच्या कमांड्स तिथे होतात. पुढे लिनक्स बसवा, त्यावर एक वेबसाइट चालवा आणि मग मुद्दाम बंद पाडा. लॉग वाचून कारण शोधा. बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर परत चढवून बघा, कारण चढवून न बघितलेल्या बॅकअपचा भरवसा नाही. आणि केलंत ते मराठीत का होईना, वहीत लिहून ठेवा. मुलाखतीत "काय येतं?" असं विचारलं की ती वही सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलते, कारण त्यातल्या प्रत्येक ओळीवर पुढचा प्रश्न आला तरी तुम्हाला उत्तर देता येतं.

तुमचं मशीन पहिल्यांदा बंद पडलं की काय झालं होतं ते मला कळवा. पुढच्या भागात लॉग कसा वाचायचा ते बघू. तोपर्यंत, रामराम!