खोकलं की लघवी गळते, ‘अंग’ बाहेर येतं? पिशवी काढायच्या आधी हे वाचा

खोकला आला की लघवीचे दोन-चार थेंब जातात. शिंकलं, हसलं, पाण्याचा हंडा उचलला की साडी ओली. काहींना दिवसभर खुरपणी करून संध्याकाळी उठताना खाली काहीतरी जड लोंबल्यासारखं वाटतं. गावाकडं याला ‘अंग बाहेर येणं’ नाहीतर ‘पिशवी खाली सरकणं’ म्हणतात. बोलणं होतं ते बायका-बायकांत, तेही हळू आवाजात. सासूला सांगितलं तर उत्तर ठरलेलं: ‘लेकरं झाल्यावर होतंच असं.’

होतं हे खरं आहे. पण पुष्कळ जणींचा हा त्रास व्यायामानं कमी होतो, काहींचा पूर्ण थांबतो. या व्यायामाला पैसे लागत नाहीत, फक्त तो बरोबर शिकून घ्यावा लागतो. तो शिकवणारे फिजिओथेरपिस्ट असतात. फिजिओथेरपी म्हणजे फक्त कंबर-गुडघ्याचा शेक, असा आपल्याकडं समज आहे. तो अर्धवट आहे.

खाटेची नवार सैल झाली की

ओटीपोटाच्या तळाला पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंचा एक पट्टा ताणलेला असतो. डॉक्टर त्याला ‘पेल्विक फ्लोअर’ म्हणतात. खाटेला जशी नवार, तसा हा पट्टा. त्याच्यावर लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि संडासाच्या जागेचा आतला भाग टेकलेला असतो. लघवी, संडास रोखून धरायचं कामही हाच करतो.

नवार सैल पडली की खाटेला झोळ येतो. इथंही तेच होतं. खोकताना पोटातून खाली दाब येतो, तो या पट्ट्याला पेलत नाही आणि लघवी गळते. झोळ जास्त असेल तर वरचा अवयवच खाली सरकतो. खाली येणारी दर वेळी गर्भपिशवीच असते असं नाही. कधी लघवीची पिशवी पुढून फुगून येते, कधी मागची बाजू येते. म्हणून तपासणीशिवाय ‘पिशवीच आली’ असं धरून चालू नये.

सैल पडायची कारणं घरोघरी सापडतात. नैसर्गिक बाळंतपण, त्यात कळा लांबलेल्या, बाळ वजनदार, चिमटा लावलेला. पाळी गेल्यानंतरचं वय. जुना खोकला, मग तो दम्याचा असो की चुलीच्या धुराचा. रोज जोर करून संडासला बसणं. वाढलेलं वजन. आणि ओझं. ऊसतोडीत बाई ३०-४० किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, तीही कित्येकदा बाळंतपणाला दोन-तीन महिने झालेले असताना. सव्वा महिना बाळंतिणीला कामाला हात लावू द्यायचा नाही, या जुन्या रीतीतला शहाणपणा इथं दिसतो. मात्र पोट करकचून आवळल्यानं आतला दाब खालीच ढकलला जातो. बांधायचंच असेल तर आधारापुरतं बांधावं.

व्यायाम कसा करायचा

अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये या स्नायूंच्या व्यायामावर लेख लिहिला. त्यांच्या नावावरून याला ‘केगेल’ म्हणतात. मोबाईलवर याचे शेकडो व्हिडीओ आहेत, पण पाहून केलेल्यांपैकी बऱ्याच जणी उलटं करतात. वर ओढायच्या ऐवजी खाली जोर देतात, आणि झोळ आणखी वाढतो.

आधी लघवी करून यावं. पाठीवर झोपून गुडघे वाकवावेत. चारचौघांत बसलं असताना वारा सरायला लागला तर आपण मागची जागा कशी आवळून धरतो, तशी आवळायची. मग तोच ताण पुढं लघवीच्या जागेपर्यंत आणायचा आणि आत, वरच्या दिशेनं ओढायचं. मांड्या, ढुंगण, पोट ढिलं राहिलं पाहिजे. श्वास चालू ठेवायचा. मनात आकडे मोजताना श्वास अडकतो, म्हणून हळू आवाजात मोजलेलं बरं.

सुरुवातीला ३ ते ५ सेकंद धरायचं आणि तेवढाच वेळ पूर्ण सोडायचं. सोडणं धरण्याइतकंच महत्त्वाचं आहे. एका वेळी निदान ८ वेळा, दिवसातून ३ वेळा. ताकद वाढेल तसं १० सेकंदांपर्यंत जावं. त्यानंतर काही वेळा झटकन आवळून झटकन सोडायचं, कारण खोकला झटकन येतो, त्याला हळू स्नायू पुरत नाही. झोपून जमलं की बसून, मग उभ्यानं करावं. भाकरी थापताना, एसटीत बसल्या बसल्या, कुठंही करता येतो, कुणाला कळतही नाही.

एक युक्ती लगेच उपयोगी पडते. खोकला-शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं, मग खोकायचं. हंडा, वैरणीचा भारा उचलतानाही तेच: आवळायचं, श्वास सोडत उचलायचं. श्वास कोंडून उचललं की सगळा दाब खाली.

लघवी करताना मध्येच धार रोखून हा व्यायाम करायला काहीजण सांगतात. तशी सवय लावू नये. पिशवी पूर्ण रिकामी होत नाही.

फरक किती दिवसांत? आठवड्यात नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेच्या मार्गदर्शनात लघवी गळण्यासाठी देखरेखीखाली निदान ३ महिने, आणि अवयव थोडासा खाली आला असेल तर निदान १६ आठवडे व्यायाम करायला सांगितलं आहे. वेगवेगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात, खोकल्या-शिंकण्यानं लघवी गळणाऱ्या महिलांपैकी व्यायाम करणाऱ्यांत ५६ टक्के जणींनी त्रास गेल्याचं सांगितलं. उपचार न घेतलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं. गोळीनं असा फरक पडला असता तर मेडिकलसमोर रांग लागली असती.

सगळ्यांना हाच व्यायाम चालत नाही

काही जणींचे हे स्नायू सैल नसतात, उलट सतत आखडलेले असतात. ओटीपोटात दुखतं, संबंधाच्या वेळी दुखतं, लघवी अडखळत होते. अशा बाईनं आवळायचा व्यायाम केला तर दुखणं वाढतं. तिला स्नायू ढिला सोडायला शिकावं लागतं. कोणता प्रकार आहे हे फिजिओथेरपिस्ट तपासून सांगतात. गरज पडली तर हातमोजा घालून आतून तपासतात, पण तुमची परवानगी घेऊनच. नको म्हणायचा हक्क आहे, सोबत बाई मागायचाही हक्क आहे.

घाईची लघवी हा आणखी वेगळा प्रकार. कडी उघडेपर्यंत दम निघत नाही. इथं व्यायामासोबत लघवीची वेळ थोडी थोडी लांबवत नेण्याची सवय निदान ६ आठवडे करावी लागते. चहा कमी केल्यानंही फरक पडतो. रानात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणं मात्र महागात पडतं. लघवी गडद होते, पिशवीला चुरचुरते, घाई वाढते, जंतुसंसर्गही होतो. शेतात बाईमाणसासाठी चार काठ्या आणि शेडनेटचा आडोसा करायला शेतमालकाला फार खर्च येत नाही.

पिशवी काढणं हा पहिला उपाय नाही

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांवर महिलांची पिशवी काढलेली निघाली. त्यामागं अंगावरून जाणं, पाळीचा त्रास, कामाचा खाडा अशी बरीच कारणं होती.

गर्भपिशवी काढल्यानं लघवी गळणं थांबत नाही, कारण सैल झालेला पट्टा तसाच राहतो. पुढं योनीचा वरचा भागही खाली येऊ शकतो. अंग बरंच बाहेर आलं असेल तर ऑपरेशन लागतं, त्यात काही वेळा पिशवीही काढतात, पण सोबत सैल भाग दुरुस्त करावा लागतो. ऑपरेशन नको असेल किंवा तब्येत साथ देत नसेल तर आत रिंग बसवतात. ती ठरलेल्या मुदतीनं डॉक्टरकडं जाऊन तपासून, धुऊन, बदलून घ्यावी लागते. बसवून विसरायची वस्तू ती नाही.

थांबायचं नाही अशी लक्षणं

लघवीतून रक्त. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं. लघवी तुंबणं. बाहेर आलेल्या भागाला जखम होणं. बाळंतपणानंतर रात्रंदिवस थेंब थेंब लघवी चालू राहणं. कंबरदुखीसोबत दोन्ही पायांच्या मधल्या जागेला बधिरपणा येणं. यातलं काही असेल तर व्यायाम करत बसू नये. शेवटचं लक्षण आणि लघवी तुंबणं असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

जायचं कुठं

गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० महिलांची तपासणी केली होती. १९८९ मध्ये ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ९२ टक्के महिलांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दवाखाने तेव्हापेक्षा वाढले, लाज फारशी कमी झालेली नाही.

सुरुवात आशाताईंपासून करता येते. त्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नेतील. तिथून ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोग डॉक्टरांकडं चिठ्ठी मिळते. फिजिओथेरपी विभाग जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विचारावा. ऑपरेशन सांगितलंच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांकडून आधी लिहून घ्यावं.

डॉक्टरांपुढं नुसतं ‘कंबर दुखते’ म्हणू नका. तेवढ्यावर दुखण्याची गोळी मिळेल आणि तुम्ही परत याल. ‘खोकल्यावर लघवी जाते’, ‘खाली गोळा हाताला लागतो’ असं सरळ सांगा. बोलायला जमत नसेल तर कागदावर लिहून न्या: कधीपासून, दिवसातून किती वेळा, बाळंतपणं किती आणि कशी, कोणत्या कामानं वाढतं. नवऱ्यालाही हा मजकूर वाचायला द्या, निदान भारा उचलू लागेल.