उलटतपासणीची शाळा : नॅशनल कॉलेज फॉर डीयूआय डिफेन्सची वाटचाल

सरकार पक्षाची शाळा बचाव पक्षाच्या शाळेपेक्षा सदतीस वर्षांनी थोरली. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या शरीरातले अल्कोहोल कसे मोजावे, हे शिकवणारा वर्ग अमेरिकेच्या इंडियाना विद्यापीठात १९५८ पासून भरू लागला. तो सुरू करणारे रॉबर्ट बोर्केन्स्टाइन मूळचे इंडियाना राज्य पोलिस दलातले. पुढे जगभर ज्याचे नाव झाले, ते ब्रेथलायझर यंत्र त्यांनी १९५४ मध्ये तयार केले होते. त्याही आधी, १९३१ मध्ये, इंडियाना विद्यापीठातलेच रोला हार्गर यांनी फुग्यात फुंकर मारायला लावणारा ‘ड्रंकोमीटर’ घडवला होता. १९३९ मध्ये इंडियाना राज्याने रक्तातल्या अल्कोहोलचे प्रमाण कायद्यात आणले. १०० मिलिलिटर रक्तात १५० मिलिग्रॅम अल्कोहोल सापडले, तर चालक नशेत होता असे गृहीत धरता येऊ लागले. अशा रीतीने यंत्र, कायदा आणि यंत्र चालवणाऱ्यांचे प्रशिक्षण एकाच राज्यातून निघाले आणि देशभर पसरले. त्या यंत्राला कोर्टात प्रश्न विचारणाऱ्याच्या प्रशिक्षणाची सोय मात्र कुठेच नव्हती.

वकिलांच्या हाती होती ती पुस्तके. साठच्या दशकात रिचर्ड अर्विन यांचा अशा खटल्यांच्या बचावावरचा ग्रंथ आला. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियाचे लॉरेन्स टेलर यांनी ‘ड्रंक ड्रायव्हिंग डिफेन्स’ लिहिले. टेलर पूर्वी सरकारी वकील होते, त्यामुळे समोरच्या बाजूचे डावपेच त्यांना आतून ठाऊक होते. पण पुस्तक वाचून उलटतपासणी येत नाही, हे कोणत्याही तालुका कोर्टातला ज्युनिअरसुद्धा सांगेल.

त्यात काळ प्रतिकूल होता. १९८० मध्ये कॅलिफोर्नियात कँडेस लाइटनर यांची तेरा वर्षांची मुलगी मद्यधुंद चालकाच्या गाडीखाली गेली आणि त्या दुःखातून ‘मदर्स अगेन्स्ट ड्रंक ड्रायव्हिंग’ ही चळवळ उभी राहिली. १९८२ या एका वर्षात अमेरिकेत दारूच्या अमलाखालील चालकांच्या अपघातांत एकवीस हजारांहून अधिक माणसे मेली होती. त्यामुळे कायदे कडक होणे स्वाभाविक होते. आवश्यकही होते. अशा वातावरणात आरोपीच्या बाजूने उभा राहणारा वकील लोकांच्या डोळ्यांत खुपे आणि वकीलवर्गातही त्याला फारसा मान नसे. चार पैसे मिळवून देणारी, पटकन गुन्हा कबूल करवून मोकळी होणारी किरकोळ प्रॅक्टिस, अशीच या कामाची ओळख होती.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे निवाडेही एकामागून एक बचाव पक्षाच्या विरोधात जात होते. श्वासाचा नमुना आरोपीच्या फेरतपासणीसाठी जपून ठेवण्याचे घटनात्मक बंधन पोलिसांवर नाही, असे १९८४ च्या ट्रॉम्बेटा खटल्यात ठरले. कमाल शिक्षा सहा महिन्यांची असेल तर अशा खटल्यात ज्यूरी मागण्याचा घटनात्मक हक्क सहसा नाही, असे १९८९ च्या ब्लँटन खटल्यात ठरले. कोणताही व्यक्तिगत संशय नसताना रस्त्यावर नाकेबंदी करून चालकांना थांबवणे वैध आहे, हे १९९० च्या सिट्झ निकालाने सांगितले. राज्यघटनेत ‘दारू पिऊन गाडी चालवणे’ हा एक अलिखित अपवाद तयार होत आहे, असे टेलर सातत्याने मांडत राहिले. ते अतिशयोक्त वाटले तरी या तीन निकालांपुढे निराधार म्हणता येत नाही.

रस्त्याच्या कडेला पोलिस जी परीक्षा घेतात, तिलाही याच काळात शास्त्राचे रूप मिळाले. केंद्राच्या महामार्ग सुरक्षा विभागाच्या खर्चाने मार्सेलीन बर्न्स आणि हर्बर्ट मॉस्कोविट्झ यांनी १९७७ व १९८१ मध्ये केलेल्या अभ्यासांतून तीन चाचण्या निवडल्या गेल्या. पहिलीत बुबुळांची थरथर पाहतात. दुसरीत टाचेला पाऊल लावत सरळ रेषेवर नऊ पावले जाऊन वळायचे आणि नऊ पावले परत यायचे. तिसरीत एक पाय जमिनीपासून सहा इंच उचलून तीस सेकंद उभे राहायचे. या चाचण्यांची अचूकता त्या अभ्यासात अनुक्रमे ७७, ६८ आणि ६५ टक्के निघाली. म्हणजे एका पायावर उभे राहण्याच्या चाचणीवरच विसंबले, तर दर तीन माणसांत सुमारे एकाबद्दलचा अंदाज चुकणार. ही आकडेवारी कोणी लपवली नव्हती. ती छापील होती. ती वाचून साक्षीदारासमोर ठेवणारा वकील मात्र विरळा होता.

संस्था उभी राहायला आणखी एक दार उघडावे लागले. १९९० च्या पील निकालाने वकिलाला आपण विशेषज्ञ असल्याचे प्रमाणपत्र जाहीरपणे मिरवण्याची मुभा दिली, आणि १९९३ मध्ये अमेरिकन बार असोसिएशनने अशी प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांना मान्यता देण्याची पद्धत सुरू केली. (आपल्याकडे बार कौन्सिलच्या छत्तिसाव्या नियमाने वकिलाला जाहिरातच करता येत नाही, त्यामुळे या घटनेचे तिकडचे महत्त्व चटकन लक्षात येत नाही.) कोणीही फलकावर ‘तज्ज्ञ’ लिहू लागले, तर खरा तज्ज्ञ ओळखायचा कसा, हा प्रश्न आता पक्षकारांपुढेही आला.

या पार्श्वभूमीवर १९९५ साली वेगवेगळ्या राज्यांत याच प्रकारचे खटले लढवणारे काही नामवंत वकील एकत्र आले आणि ‘नॅशनल कॉलेज फॉर डीयूआय डिफेन्स’ ही ना-नफा संस्था स्थापन झाली. ‘डीयूआय’ म्हणजे नशेच्या अमलाखाली वाहन चालवणे. एरवी ही मंडळी एकाच बाजारातली प्रतिस्पर्धी. पण आपापल्या पोतडीतले डाव त्यांनी एकमेकांसमोर उघडले, आणि संस्थेचे खरे भांडवल हेच ठरले. टेलर यांच्याबरोबर जॉर्जियाचे विल्यम हेड, फ्लोरिडाचे फ्लेम व्हायटेड, टेक्ससचे गॅरी ट्रिक्टर व ट्रॉय मॅकिनी, कॅलिफोर्नियाचे बॅरी सायमन्स, टेनेसीचे स्टीव्हन ओबरमन अशा अनेकांनी पहिल्या दशकांत तिला वेळ दिला. टेलर यांच्या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्त्यांत ओबरमन सहलेखक झाले. कचेरी अलाबामातील मॉन्टगोमेरी येथे आहे. कारभार ‘रीजंट’ म्हणवले जाणारे विश्वस्त पाहतात आणि त्यांच्यातला एक ‘डीन’ होतो. नाव कॉलेजचे असले तरी इथे वसतिगृह नाही, पदवी नाही. विद्यार्थी हे सनद मिळवून कोर्टात उभे राहिलेले वकील.

उन्हाळी वर्ग अनेक वर्षे मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजला, हार्वर्ड लॉ स्कूलच्या वास्तूत भरत आला. जागेची निवड विचारपूर्वक होती. ज्या कामाला वकीलवर्गच हलके समजत होता, ते देशातल्या एका अत्यंत प्रतिष्ठित कायदाशाळेच्या वर्गखोल्यांत नेऊन बसवले गेले. तिथे व्याख्याने असतात, पण खरा भर छोट्या गटांतल्या सरावावर. ज्यूरी निवडताना कोणते प्रश्न विचारायचे, प्रारंभीचे निवेदन कसे करायचे, प्रशिक्षित पोलिस अधिकाऱ्याची उलटतपासणी त्याच्याच हस्तपुस्तिकेवरून कशी करायची, हे उभे राहून करून दाखवावे लागते आणि चुका तिथल्या तिथे सांगितल्या जातात. वर्षानुवर्षे कोर्ट गाजवलेल्या वकिलाला सहकाऱ्यांसमोर चूक दाखवली जाणे सोपे नसते. तरी लोक येत राहिले.

शास्त्राचा भाग अधिक अवघड होता. कायद्याच्या पदवीधराला रसायनशास्त्राची सहसा भीती वाटते. श्वासचाचणीचा सगळा डोलारा एका गुणोत्तरावर उभा आहे: २१०० मिलिलिटर श्वासात जेवढे अल्कोहोल, तेवढेच १ मिलिलिटर रक्तात. हे प्रमाण माणसागणिक, शरीराच्या तापमानागणिक बदलते, पण यंत्र सर्वांना एकच आकडा लावते. चाचणीआधी किमान पंधरा मिनिटे माणसावर लक्ष ठेवावे लागते. मधे ढेकर आली, तर तोंडात आलेले अल्कोहोल फुप्फुसातल्या हवेचे म्हणून मोजले जाण्याचा धोका असतो. रक्ताच्या नमुन्याचे प्रश्न निराळे. राखाडी टोपणाच्या नळीत सोडियम फ्लोराइड पुरेसे होते का, नळी किती दिवस बाहेर राहिली, आंबण्याची क्रिया सुरू झाली का, गॅस क्रोमॅटोग्राफच्या आलेखावर अल्कोहोलचे टोक दुसऱ्या एखाद्या द्रव्यापासून नीट वेगळे झाले का, अशी ही मालिका. यासाठी टेक्ससच्या फौजदारी बचाव वकिलांच्या संघटनेबरोबर ‘मास्टरिंग सायंटिफिक एव्हिडन्स’ हा खास वर्ग सुरू झाला. तो बहुधा न्यू ऑर्लिन्सला भरतो. फौजदारी बचाव वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेबरोबरचा दुसरा मेळावा लास व्हेगासला होतो. पोलिसांना दिले जाणारे रस्त्यावरच्या चाचण्यांचे प्रशिक्षण वकिलांनी स्वतः घेण्याची प्रथाही याच वर्तुळात रुजली. पोलिसाने पाय कसा ठेवायला सांगायचा होता, हे आता वकिलालाही तितकेच पाठ असते.

या खटपटीचे मोल न्यायालयांत दिसू लागले होते. रस्त्यावरच्या चाचण्या ठरवून दिलेल्या पद्धतीने काटेकोर घेतल्या नसतील तर त्यांचे निष्कर्ष पुराव्यात येणार नाहीत, असे ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० च्या होमन खटल्यात सांगितले. पुढे तिथल्या विधिमंडळाने ही अट सैल केली. २००० मध्येच केंद्राने मर्यादा १०० मिलिलिटरमागे ८० मिलिग्रॅमवर आणण्यासाठी राज्यांच्या महामार्ग निधीला कात्री लावण्याचा कायदा केला आणि काही वर्षांत सगळी राज्ये त्या रेषेवर आली. मर्यादा खाली येईल तसा यंत्रातल्या लहान चुकीचा अर्थ मोठा होतो, त्यामुळे बचावाच्या वकिलाचे काम अधिक बारकाईचे झाले.

मधल्या काळात संस्थेने विशेषज्ञतेचे प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था उभारली आणि तिला अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता मिळवली. हे प्रमाणपत्र नुसत्या वर्गणीवर मिळत नाही. उमेदवाराच्या कामाचा किमान चौथा हिस्सा या विषयाचा असावा लागतो, तीन वर्षांत किमान छत्तीस तासांचे शिक्षण घेतलेले असावे लागते, सहकारी वकील व न्यायाधीशांकडून शिफारशी याव्या लागतात आणि लेखी परीक्षा द्यावी लागते. प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षांपेक्षा जास्त नसते. संस्थेच्या एकूण सभासदांच्या मानाने असे प्रमाणित वकील थोडेच आहेत, आणि ते तसेच असायला हवे.

यंत्राच्या पोटातल्या संगणकीय आज्ञावलीचा वाद न्यू जर्सीत पेटला. अल्कोटेस्ट या श्वासचाचणी यंत्राची आज्ञावली तज्ज्ञांकडून तपासून घेतल्यानंतर २००८ च्या चन खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने यंत्र विश्वासार्ह मानले, पण त्याच्या वापरावर अटी घातल्या. बचाव पक्षाला हा निकाल निराश करणारा वाटला. दहा वर्षांनी त्याच राज्यात कॅसिडी खटला उभा राहिला. यंत्रे कॅलिब्रेट करणाऱ्या एका अधिकाऱ्याने तापमान तपासण्याची ठरलेली पायरी गाळली होती. परिणामी २०,६६७ जणांच्या चाचण्या संशयास्पद ठरल्या आणि त्या निकालांना पुरावा म्हणून थारा राहिला नाही. इतक्या मोठ्या संख्येमागे एक न वापरलेला थर्मामीटर होता.

केंद्राच्या सर्वोच्च न्यायालयातले चित्रही पालटले. २०११ च्या बुलकमिंग खटल्यात न्यू मेक्सिकोच्या प्रयोगशाळेत रक्त तपासणारा विश्लेषक साक्षीला आलाच नाही. त्याच्या जागी दुसऱ्याच विश्लेषकाने अहवाल वाचून दाखवला. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने सांगितले की अहवालावर सही करणारा माणूसच उलटतपासणीला उभा राहिला पाहिजे. २०१३ च्या मॅकनीली निकालाने रक्तातले अल्कोहोल आपोआप कमी होते एवढ्याच कारणावरून वॉरंटशिवाय रक्त काढता येणार नाही असे ठरवले, आणि २०१६ च्या बर्चफील्ड निकालाने श्वास आणि रक्त यांत फरक केला: श्वासचाचणीला वॉरंट नको, रक्ताला हवे. या प्रकारच्या खटल्यांत न्यायालयाचे मित्र म्हणून निवेदने सादर करणे हे संस्थेच्या कामाचे ठरलेले अंग झाले आहे. मराठी वाचकाला या निकालांत ओळखीचा सूर ऐकू येईल. मुंबईतल्या बच्चूभाई हसनअली करयानी यांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच म्हटले होते की तोंडाला येणारा वास, लडखडती चाल आणि अडखळते बोलणे एवढ्यावरून माणूस दारूच्या अमलाखाली होता असे सिद्ध होत नाही. त्या खटल्यात रक्त तपासायला पाठवले होते, अहवाल मात्र कोर्टासमोर आलाच नव्हता. आज मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे आपल्याकडची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे, म्हणजे अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांपेक्षा कितीतरी कडक. तरीही श्वासयंत्राच्या कॅलिब्रेशनबद्दल नेमके काय विचारायचे, हे आपल्या वकिलाला शिकवणारी अशी स्वतंत्र संस्था आपल्याकडे उभी राहिलेली नाही.

पुढचा टप्पा दारूपलीकडचा आहे. २०१२ मध्ये कोलोराडो आणि वॉशिंग्टन राज्यांनी गांजाला कायदेशीर मान्यता दिली. वॉशिंग्टनने चालकाच्या रक्तात एक मिलिलिटरमागे ५ नॅनोग्रॅम टीएचसी (गांजातले नशा आणणारे द्रव्य) ही मर्यादा घातली. पण टीएचसीचे रक्तातले प्रमाण आणि प्रत्यक्ष बेभानपणा यांचा मेळ अल्कोहोलसारखा बसत नाही. नियमित सेवन करणाऱ्याच्या रक्तात ते अमल ओसरल्यानंतरही सापडते. तिथे यंत्र अपुरे पडते म्हणून पोलिस लॉस एंजेलिसमध्ये सत्तरच्या दशकात आकाराला आलेल्या बारा पायऱ्यांच्या तपासणीवर भिस्त ठेवतात: नाडी, रक्तदाब, बाहुल्यांचा आकार, स्नायूंचा ताण आणि अधिकाऱ्याचे स्वतःचे मत, वगैरे. संस्थेच्या अभ्यासक्रमात आता या बारा पायऱ्यांनाही जागा मिळाली आहे. बाहुलीचा मिलिमीटर कोणत्या प्रकाशात मोजला, नाडी कितीदा पाहिली आणि मत कोणत्या पायरीला पक्के झाले, हे प्रश्न विचारण्याचा सराव तिथल्या गटांत चालू आहे.