वेस्ट्रे–पापा वेस्ट्रे हवाईमार्ग : अंतर आणि काळ

‘मजल’ हा मराठी शब्द मुक्कामाचा वाचक असलेल्या मूळ अरबी शब्दापासून आला. एका दिवसाच्या चालीनंतर जेथे थांबावयाचे ते ठिकाण, आणि पुढे तेवढी वाट, असा त्याच्या अर्थाचा विस्तार झाला. अंतर मुक्कामावरून मोजण्याची ही दृष्टी विमानयुगात लोपली, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहातील एका हवाईमार्गाचा इतिहास पाहता हा समज तपासून घेणे अगत्याचे ठरते.

या मार्गाची दोन्ही टोके नॉर्स नावांची आहेत. वेस्ट्रे म्हणजे पश्चिमेचे बेट. पापा वेस्ट्रे या नावातील ‘पापा’ हे पद ख्रिस्ती धर्मसेवकांचे निदर्शक होय. डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने १४६८ साली कन्येच्या हुंड्यापोटी ऑर्कनी स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण ठेवले. ते पुढे सोडविले गेले नाही. नॉर्स काळात समुद्र हाच राजमार्ग असल्याने ही बेटे दळणवळणाच्या वाटेवरच होती. पुढे रस्ते व लोहमार्ग यांनी मुख्य भूमी जोडली गेली, तेव्हा बेटे जागची न हलताही दूर गेली.

हे दूरत्व कमी करण्याचा प्रयत्न विमानाने केला. मे १९३३ मध्ये इन्व्हरनेस ते कर्कवॉल ही नियमित हवाई वाहतूक सुरू झाली आणि २९ मे १९३४ पासून त्याच मार्गाने टपालही जाऊ लागले. कर्कवॉल हे ऑर्कनीचे मुख्य नगर. तेथून निघणाऱ्या लोगनएअर कंपनीच्या फेऱ्यांत १९६७ साली वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हा टप्पा अंतर्भूत झाला.

या टप्प्याची लांबी सुमारे २.७ किलोमीटर, म्हणजे एडिंबरो विमानतळाच्या धावपट्टीपेक्षा थोडीच अधिक. वेळापत्रकात त्यास दोन मिनिटे दिलेली असून नोंदलेला अत्यल्प काळ ५३ सेकंदांचा आहे. मार्गावरील आयलंडर जातीच्या लहान विमानाचा वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर धरला, तर हे अंतर साधारण ४० सेकंदांत कापले जावे. परंतु उड्डाण आणि अवतरण यांतच प्रवास संपत असल्याने पूर्ण वेगास फारसा वाव उरत नाही. वारा कोणत्या दिशेचा आहे यावर काळ कमीअधिक होतो. अंतर मात्र तेच राहते. याच दोन बेटांमध्ये नौकेस सुमारे २५ मिनिटे लागतात.

जगातील सर्वांत लहान नियमित हवाईप्रवास म्हणून या टप्प्यास प्रसिद्धी लाभली; तथापि त्या प्रसिद्धीने मूळ प्रयोजन झाकले गेले आहे. हा स्वतंत्र मार्ग नसून कर्कवॉलच्या फेरीचा एक भाग होय. २०११ च्या जनगणनेत पापा वेस्ट्रेची लोकसंख्या अवघी ९० होती. एवढ्या वस्तीच्या भाड्यावर विमान चालणे अशक्य. म्हणूनच त्यास सार्वजनिक निधीचा आधार द्यावा लागला. शिक्षक, वैद्य, रुग्ण आणि विद्यार्थी यांची ये-जा हेच त्या खर्चाचे समर्थन होय.

सारांश, ५३ सेकंद हा आकडा विमानाची गती सांगतो, बेटाचे दूरत्व सांगत नाही. कर्कवॉलला जाऊन, काम उरकून, त्याच दिवशी घरी परतता येते की नाही, हेच तेथील रहिवाशाच्या दृष्टीने खरे अंतर होय. ते किलोमीटरने मोजता येत नाही. मजलेनेच मोजावे लागते.