परिसरविज्ञानाचा विद्यापीठप्रवेश

इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानात अरण्याचे शिक्षण सुरू झाले ते लाकडासाठी. लोहमार्गाच्या रुळांखाली घालावयाच्या लाकडी स्लीपरांची मागणी वाढत होती आणि जंगले उघडी पडत होती. 1864 साली सरकारने जंगलखाते काढले. डिट्रिच ब्रँडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचे पहिले प्रमुख झाले. पुढे 1878 साली डेहराडूनला वनविद्येची शाळा निघाली. झाड किती वर्षांनी तोडणीस येते आणि दरसाल किती तोडले असता वन टिकते, हा तेथील मुख्य हिशेब. हिशेब चोख होता. परंतु झाडाखालचे गवत, त्या गवतातील किडा आणि त्या रानावर गुजराण करणारा माणूस यांना त्यात फारसे स्थान नव्हते.

विद्यापीठांतही हे अंग बरेचसे रिकामेच होते. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी रोपटे उपटून आणी, दाबून वाळवी आणि कागदावर डकवून त्याखाली लॅटिन नाव लिही. ते रोपटे तेथेच का उगवले, हे सहसा कोणी विचारीत नसे. अलाहाबादचे अध्यापक विनफील्ड डजन यांनी 1920 साली गंगेच्या वरच्या मैदानातील वनस्पतींसंबंधी लिहिताना हा प्रश्न हाती घेतला होता. पण एका निबंधाने अभ्यासक्रम बदलत नाही.

तो बदलला काशीला. 1908 साली जन्मलेले रामदेव मिश्र इंग्लंडातील लीड्स विद्यापीठात प्रा. पिअर्सल यांच्या हाताखाली शिकले आणि 1937 साली डॉक्टर झाले. त्यांचा विषय मोठा बोलका होता. इंग्लंडातील सरोवरांच्या तळाशी कोणत्या प्रकारचा गाळ आहे, त्यावर तेथे कोणती पाणवनस्पती वाढणार हे कसे ठरते, याचा त्यांनी शोध घेतला. म्हणजे नजर रोपावरून ढळून चिखलाकडे वळली! बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी या शास्त्राचे अध्यापन रुजविले आणि देशातील पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला.

या शास्त्राची हत्यारे साधी असतात. जमिनीवर एक चौरस आखावयाचा, त्यातील एकूण एक रोपटे मोजावयाचे, गवत कापून, वाळवून तोलावयाचे, खालची माती तपासावयाची. आणि पावसाळा, हिवाळा, उन्हाळा अशा तिन्ही ऋतूंत पुन्हा त्याच जागी येऊन हे सारे नव्याने करावयाचे. कंटाळवाणे काम खरे, पण रान वाढते आहे की खंगते आहे, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, वजनकाट्याला कळते. 1968 साली मिश्रांनी विद्यार्थ्यांसाठी प्रात्यक्षिकांचे पुस्तकच लिहिले. पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे डॉक्टरेट मिळविली आणि निरनिराळ्या विद्यापीठांत जाऊन हाच विषय सुरू केला. 1972 साली केंद्र सरकारने पर्यावरण नियोजनासाठी राष्ट्रीय समिती नेमली, तिच्यामागेही मिश्रांची खटपट होती. 1985 साली वेगळे मंत्रालयच झाले.

त्यानंतर विषयाला मिळालेले बळ न्यायालयातून आले. वकील एम. सी. मेहता यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने 22 नोव्हेंबर 1991 रोजी पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा करण्यास सांगितले. अंमलबजावणी रेंगाळली, न्यायालयाला 2003 साली पुन्हा बजावावे लागले. मग विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी वर्गांसाठी एकच पाठ्यक्रम तयार केला. त्याचे पाठ्यपुस्तक लिहिले पुण्याच्या इराक भरुचांनी, आणि ते पेशाने शल्यविशारद. हिशेबनीस होऊ पाहणारा वाणिज्य शाखेचा विद्यार्थीही आता नदी आणि रान वाचू लागला, हा लाभ लहान नव्हे.

मात्र त्या पाठ्यक्रमाची मांडणी पाहण्याजोगी होती. एकूण व्याख्याने 50, आणि त्यांतील प्रत्यक्ष बाहेर जाण्यासाठी राखलेले तास 5. गुणांपैकी 75 लेखी परीक्षेला, 25 क्षेत्रकार्याला. पाच तासांत एक चौरस आखून होतो, त्यातले गवतही मोजून होते. त्याच जागी हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात परतण्यास मात्र वेळापत्रकात जागा उरत नव्हती.