तुरीची सोयरीक

तुरीचं वरण आपल्या पानात रोज असतं, पण तुरीचे भाऊबंद कोण, हे कुणी विचारीत नाही. पुण्याच्या दोन शास्त्रज्ञांनी ते विचारलं होतं.

रानात तुरीसारखी दिसणारी झुडपं वाढतात. शास्त्रज्ञांनी त्यांची ‘अटायलोसिया’ ही वेगळी प्रजाती मानली होती. कारण काय, तर त्यांच्या बियांना देठापाशी मांसल गाठ असते! एवढ्यावरून चूल निराळी. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील जी. बी. देवडीकर आणि सी. व्ही. ठकार यांना हे पटलं नसावं. गुणसूत्रांच्या पुराव्यावरून हे दोघं जवळचे आहेत, असं त्यांनी १९५६ साली मांडलं आणि संकरही करून दाखवला.

हे काम चिकाटीचं. तुरीचं फूल बहुधा उमलण्याआधीच आपल्याच परागांनी फळतं. म्हणून कळी हळूच उकलायची, आतले दहाही पुंकेसर खुडायचे आणि मग परके पराग लावायचे. त्यातली पुष्कळ फुलं गळतात. तूर आणि रानतूर, दोघींचीही गुणसूत्रं २२. संकरित रोपात परागकण तयार होताना त्यांच्या जोड्या जुळल्या, तर नातं जवळचं समजायचं. या संकरात बहुतेक जोड्या जुळल्या, तरी काही परागकण पोकळच राहिले. पुढे १९८६ मध्ये फान डर मासन यांनी अटायलोसिया तुरीच्याच प्रजातीत विलीन केली.

सगळेच भाऊबंद इतके सोयीचे नाहीत. ‘प्लॅटिकार्पस’ या जातीशी संकर केला की गर्भ शेंगेतच मरतो. हैदराबादजवळच्या ‘इक्रिसॅट’मध्ये तो वेळीच बाहेर काढून काचपात्रात वाढवावा लागला. रोप उभं राहिलं, पण वांझ. कोल्चिसिननं गुणसूत्रं दुप्पट केल्यावर ते फळलं.

मला खरी गंमत वाटते ती पुढच्या गोष्टीची. आई रानटी घ्यायची आणि पिढ्यान् पिढ्या तुरीचेच पराग लावत राहायचं. केंद्रक तुरीचं होतं, पण त्याभोवतीचा पेशीद्रव रानटीच राहतो. दोघांचं पटत नाही आणि झाडाला सकस पराग धरत नाहीत. जो दोष म्हणून त्रास देई, तोच इथे उपयोगी पडला, कारण मग कळ्या खुडण्याचं काम उरत नाही. मधमाश्याच संकर करतात. ‘कजानिफोलियस’ या रानतुरीच्या पेशीद्रवातून असं नरवंध्य वाण मिळालं आणि त्यावरून झालेला ‘आयसीपीएच २६७१’ हा संकरित वाण २०१० साली मध्य प्रदेशात प्रसारित झाला.