पडद्यावर २, टाकीत ८

सीएचओ पेशी म्हणजे चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून आलेल्या पेशी. कितीतरी प्रथिन-औषधे त्यांच्याकडूनच करून घेतात. त्यांना साखर मोजून देणारा सेन्सरच थकला तर काय होईल, याचा हा कल्पित घटनाक्रम.

३६ तास आधी, सकाळी ८. पेशी वाढवण्याच्या टाकीत बॅचचा सातवा दिवस, तापमान ३७ अंश. ग्लुकोज लिटरला २ ग्रॅम. तेवढेच टिकवण्याचा पंपाला आदेश. इलेक्ट्रोडला एन्झाइमची जोड देण्याची कल्पना लेलँड क्लार्क यांनी १९६२मध्ये सुचवली; या सेन्सरमध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम साखरेपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते आणि प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर त्याचा विद्युतप्रवाह मोजला जातो. निर्जंतुकीकरणाच्या १२१ अंशांच्या वाफेत एन्झाइम टिकत नाही, म्हणून सेन्सर टाकीबाहेर ठेवून गाळलेला नमुना त्याच्याकडे आणतात.

२४ तास आधी, रात्री ८. सेन्सरच्या पातळ पटलावर प्रथिनांचा थर साचतो आहे, एन्झाइमही मंदावले आहे. प्रवाह घटतो. यंत्राच्या लेखी याचा अर्थ एकच: पेशी उपाशी आहेत. पंगतीत आग्रह करणाऱ्या यजमानासारखा पंप वाढतच राहतो. पडद्यावर २, टाकीत ३.

१६ तास आधी, पहाटे ४. टाकीत ४. जादा साखरेचे पेशी लॅक्टेट करतात. ते १ वरून २ ग्रॅमवर गेले आहे. सामू घसरू नये म्हणून सोडियम कार्बोनेटचा पंप वरचेवर चालू होतो. प्रत्येक आकडा आपापल्या मर्यादेत, त्यामुळे अलार्म गप्प.

८ तास आधी, दुपारी १२. टाकीत ६, लॅक्टेट ४. साखर, लॅक्टेट आणि सोडियम मिळून द्रवाचा परासरणदाब चढवत आहेत. पेशींची वाढ थांबली आहे. पडद्यावर मात्र २.

१ तास आधी, संध्याकाळी ७. हाताने काढलेला नमुना प्रयोगशाळेतल्या, नुकत्याच कॅलिब्रेट केलेल्या यंत्रावर जातो. ग्लुकोज ८, लॅक्टेट ५ आणि परासरणदाबाचे माप असलेली ऑस्मोलॅलिटी ४००च्या वर. एरवी ती ३००च्या आसपास असते.

शून्य, रात्री ८. जिवंत पेशींचे प्रमाण झपाट्याने घसरते. बॅच रद्द.

साखर स्थिर आणि लॅक्टेट चढते, ही विसंगती पहाटे ४ वाजताच पडद्यावर होती. दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहणारा एक नियम आणि ठरावीक तासांनी सेन्सरला पाजलेले, ग्लुकोजचे प्रमाण माहीत असलेले प्रमाणित द्रावण, एवढ्याने बॅच वाचली असती. एन्झाइमवर चालणारा सेन्सर वापरताना त्याचेही वय होते, हे नियंत्रणाच्या हिशेबात धरावेच लागते.