हरिश्चंद्रगड
हरिश्चंद्रगड : सह्याद्रीच्या मुख्य रांगेतील, अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील डोंगरी किल्ला. त्याची पश्चिम बाजू कोकणकडा या नावाने ओळखली जाते; बेसाल्टचा हा कडा नागाच्या फण्यासारखा आत वळलेला असल्याने माथ्यावर पालथे पडून पाहिल्याशिवाय त्याचा मधला भाग दिसत नाही. सकाळी पाठीमागून ऊन आणि समोरच्या दरीत धुके असताना पाहणाऱ्याच्या सावलीभोवती रंगीत वर्तुळ उमटते, त्यास ‘इंद्रवज्र’ म्हणतात. धुक्यातील सूक्ष्म जलबिंदूंतून प्रकाश मागे विखुरल्याने ते घडते व प्रत्येकाला ते केवळ स्वतःच्याच सावलीभोवती दिसते. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी येथील अशा वर्तुळाची नोंद 1835 मध्ये प्रसिद्ध केली.

गडावरील केदारेश्वर लेण्यात कमरेइतक्या गार पाण्यात मोठे शिवलिंग असून त्याभोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. खांब म्हणजे चार युगे, आणि उरलेला कोसळला की कलियुग संपून जगबुडी होणार, अशी लोकसमजूत आहे. लेणे सलग कातळात कोरलेले असल्याने छत मात्र एका खांबावरही टिकून राहिले आहे. तारामती व रोहिदास या शिखरांना राजा हरिश्चंद्राच्या पत्नी व पुत्राची नावे असल्याने त्याची कथा डोंगराला चिकटली. योगी चांगदेवांनी येथे तप केल्याचीही परंपरा आहे.